मऊ म्हणजे पातळ नव्हे: दात गेलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याचे जेवण

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात आमच्या घरी ओसरीवर तेरा वर्षांचा एक गावठी कुत्रा असतो; त्याचे नाव काळ्या. दोन वर्षांपूर्वी, पाऊस नुकताच ओसरला असताना, तो जेवताना एक चमत्कारिक गोष्ट करू लागला. भाकरीचा तुकडा तो तोंडात घेई, मान उजवीकडे कलती करी, एकदा चावे आणि तुकडा खाली टाकी. मग तो चाटे, पुन्हा उचले आणि पुन्हा टाकी. वाडग्याभोवती ओलसर तुकड्यांचे एक कडेच तयार होई. त्याला भूक होती, कारण तो वाडग्यापासून हलत नसे. पण खाणे काही पुढे सरकत नव्हते. घरात सर्वांचे एकमत झाले की दात गेले, आता त्याला पेज द्यावी. पेज तो आवडीने चाटून पुसून संपवू लागला आणि आम्ही निश्चिंत झालो. दीड महिन्यानंतर त्याच्या पाठीचे मणके हाताला लागू लागले, तेव्हा त्याला भुसार दुकानाच्या काट्यावर नेले. एरवी अठरा किलो भरणारा काळ्या साडेपंधरा किलोंवर आला होता.

या प्रसंगात आमच्या दोन चुका झाल्या. पहिली चूक अशी की, खाण्यास अडचण म्हणजे दात नसणे, असे आम्ही गृहीत धरले. प्रत्यक्षात त्याची अडचण उरलेल्या दातांची होती. दुसरी चूक अशी की, अन्न मऊ करण्याच्या नादात आम्ही ते पातळ केले. सीमाभागातील अनेक घरांतून म्हाताऱ्या कुत्र्यांच्या बाबतीत हेच होते असे मी पाहतो, म्हणून हा विषय थोडा सविस्तर मांडतो.

प्रथम दातांविषयी. पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला ४२ दात असतात, म्हणजे माणसापेक्षा दहा जास्त. पण ते आपल्यासारखे अन्न दळण्यासाठी नसतात. पुढचे लहान दात कुरतडण्यासाठी, सुळे पकडण्यासाठी आणि मागचे धारदार दात कात्रीप्रमाणे तुकडे पाडण्यासाठी असतात. कुत्र्याचा जबडा मुख्यतः वर-खाली हलतो; गाय रवंथ करताना जबडा जसा आडवा फिरवते, तसे त्याला करता येत नाही. म्हणून धडधाकट तरुण कुत्रासुद्धा घास फारसा न चावता गिळतो. शिवाय भात-भाकरीतील पिष्ट पचवण्याचे जे काम आपल्या तोंडात लाळेपासून सुरू होते, ते कुत्र्याच्या लाळेत जवळपास होतच नाही. ते पुढे आतड्यात, स्वादुपिंडाच्या रसाने होते. लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात या पाचक रसाच्या जनुकाच्या प्रती पुष्कळ जास्त असतात, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. माणसाच्या उंबऱ्याशी राहून कुत्रा भात-भाकरी पचवायला शिकला, असा त्याचा साधा अर्थ. तेव्हा अन्न नीट शिजलेले आणि गिळण्याजोगे असेल, तर तोंडाचे पूर्ण बोळके झालेला कुत्राही चांगला जगतो आणि अंग धरून राहतो.

मग त्रास कोणाला होतो? ज्याचे काही दात शिल्लक आहेत आणि ते किडलेले, हलणारे किंवा मुळाशी पू झालेले आहेत, त्याला. कुत्र्याचे दात केवळ वयामुळे पडत नाहीत. दातांवर चिकट थर साचतो, त्याचा दगडासारखा कडक पिवळा-तपकिरी लेप होतो, हिरड्या सुजतात, दाताला धरून ठेवणारे हाड झिजते आणि शेवटी दात हलू लागतो. या सर्व काळात दुखणे चालूच असते. कुत्रा मात्र विव्हळत नाही, आपली खाण्याची रीत बदलतो. एकाच बाजूने चावणे, घास टाकून पुन्हा उचलणे, थंड पाण्यापासून एकदम मागे सरणे, लाळेत रक्ताची रेघ दिसणे, तोंडाला सडका वास येणे, डोळ्याखाली गालावर सूज येणे ही त्याची भाषा आहे. डोळ्याखालची सूज हे बहुतेक वेळा वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी झालेल्या गळवाचे लक्षण असते. डोळ्यात औषध घालून ती बरी होत नाही.

म्हणून जेवणात कोणताही बदल करण्यापूर्वी पशुवैद्याकडून तोंड तपासून घेणे ही पहिली पायरी आहे. काळ्याचे सहा दात काढावे लागले. त्या वयात भूल द्यायची या कल्पनेने आम्ही घाबरलो होतो. परंतु रक्ततपासणीने मूत्रपिंड व यकृत आणि वेगळ्या तपासणीने हृदय ठीक असल्याची खात्री करून घेतली, तर नुसते वय हे भूल टाळण्याचे कारण ठरत नाही. दात काढल्यावर साधारण दोन आठवडे, टाके विरघळून हिरड्या भरून येईपर्यंत, अगदी मऊ अन्न द्यावे लागते आणि खेळायला काठ्या किंवा कडक वस्तू देता येत नाहीत. त्यानंतर बहुतेक कुत्रे आधीपेक्षा अधिक उत्साहाने जेवू लागतात, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटते. दुखण्यासाठी घरातील माणसांची गोळी मात्र कधीही देऊ नये. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांपैकी आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

आता पातळपणाचा मुद्दा. पंधरा किलो वजनाच्या, फारशी धावपळ न करणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६४० ते ८५० कॅलरी लागतात. (पाकिटांवर किलोकॅलरी म्हणून जे छापलेले असते, तेच मी येथे कॅलरी म्हणतो.) शंभर ग्रॅम तांदळात सुमारे ३५० कॅलरी आणि जेमतेम सात ग्रॅम प्रथिने असतात. त्याच तांदळाची दीड लिटर पेज केली, तर त्या दीड लिटरमध्ये तेवढेच असते. पाणी काही देत नाही. म्हणजे दिवसाची गरज भागवायला या कुत्र्याला तीन लिटर पेज प्यावी लागेल आणि तेवढे करूनही प्रथिने मिळतील ती पंधरा ग्रॅमच्या आसपास. इतकी पेज कोणताही कुत्रा पिऊ शकत नाही. तो अर्ध्यावर थांबतो, पोट टम्म दिसते, तो तृप्त होऊन झोपतो, आणि आपण समजतो की त्याचे भागले. नाचण्याची पातळ आंबील, दुधात विरघळवलेली बिस्किटे आणि डाळीवरचे पाणी यांचाही हिशेब याच वळणाने जातो.

म्हातारपणी प्रथिने कमी द्यावीत, असा एक समज आहे. मूत्रपिंडाचा आजार निदान झालेला असेल तर प्रथिने आणि विशेषतः फॉस्फरस यांवर मर्यादा घालावी लागते, पण ते पशुवैद्याने सांगायचे. एरवी निरोगी म्हाताऱ्या कुत्र्याचे स्नायू वयानुसार झिजत असतात आणि त्याला तरुण कुत्र्यापेक्षा कमी नव्हे, तर अधिक चांगली प्रथिने लागतात. पंधरा किलोच्या कुत्र्यासाठी दिवसाला ४५ ते ५० ग्रॅम हे धोरण ठेवायला हरकत नाही.

हे प्रत्यक्ष ताटलीत कसे दिसते? आमच्याकडे ठरलेला एक दिवसाचा बेत सांगतो. बिनहाडाचे चिकन उकडून, बारीक चिरून किंवा खिमा करून दीडशे ग्रॅम. एक पूर्ण उकडलेले अंडे कुस्करून. गुरगुट्या भात सुमारे अडीचशे ग्रॅम. लाल भोपळा उकडून दोन चमचे. दोन-तीन चमचे ताजे, गोडसर दही. आणि एक छोटा चमचा तेल. हे सर्व मिळून सव्वासातशेच्या आसपास कॅलरी आणि पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिने होतात. काळ्याचे वजन जास्त असल्याने त्याला याहून थोडे वाढवून देतो. भात खानापुराकडे घरचाच असतो म्हणून भात. चिकोडी-निपाणीकडे किंवा बेळगावच्या पूर्वेला जोंधळ्याची भाकरी असेल, तर ती कोमट पाण्यात पंधरा मिनिटे भिजवून हाताने चुरावी, अथवा जोंधळ्याच्या कण्या घट्टसर शिजवाव्यात. भाकरी दुधात कुस्करण्याची सवय आपल्याला सोडवत नाही, पण अनेक मोठ्या कुत्र्यांना दुधातील साखर पचत नाही आणि जुलाब होतात. दही त्यापेक्षा सोसते.

या बेतात एक मोठी उणीव आहे आणि ती डोळ्याला दिसत नाही: कॅल्शियम. मांस आणि भात या दोहोंत फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नगण्य. महिनोन्‌महिने एवढ्यावरच राहिलेला कुत्रा आपल्या हाडांतून कॅल्शियम काढून घेतो आणि ज्या जबड्याचे हाड आधीच दातांच्या आजाराने झिजले आहे, तो जबडा आणखी ठिसूळ होतो. यावर लोक हाडांचा किंवा पायांचा रस्सा सुचवतात. तो चविष्ट असतो, वासाने भूक चाळवतो, पण नुसत्या पाण्यात उकळल्याने हाडांतील कॅल्शियम फारसे सुटत नाही. रस्सा हा कॅल्शियमचा पुरवठा नव्हे. अंड्याची टरफले धुऊन, उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये अगदी पिठासारखी दळली, तर त्या पुडीचा अर्ध्या छोट्या चमच्याहून थोडा कमी भाग, म्हणजे सुमारे दोन ग्रॅम, वरच्या बेताला पुरतो. जस्त, तांबे, ड आणि ई जीवनसत्त्व यांची भर मात्र घरच्या स्वयंपाकातून भरवशाने पडत नाही. त्यासाठी पशुवैद्याला विचारून कुत्र्यांसाठीची पूरक पुडी घ्यावी.

ज्या घरांत मांस-अंडे शिजत नाही, आणि आपल्या भागात अशी घरे पुष्कळ आहेत, त्यांनी मुगाची डाळ, दही आणि पनीर यांवर सगळी भिस्त ठेवण्यापेक्षा कंपनीचा तयार, परिपूर्ण कोरडा आहार भिजवून देणे मला अधिक सुरक्षित वाटते. मांसाहारी घरांनाही हा सोपा मार्ग आहे. जेवढा आहार, तेवढेच कोमट पाणी घालून वीस ते तीस मिनिटे झाकून ठेवावे आणि दाणा अंगठा व तर्जनीच्या चिमटीत दाबून पाहावा. आत कडक गाभा लागला तर अजून वेळ द्यावा. येथे एक पथ्य पाळावे: मोजायचे ते कोरडे असताना. भिजून दुप्पट फुगलेले वाडगे पाहून, फार झाले असे वाटते आणि हात आखडतो. कोरड्या आहाराच्या शंभर ग्रॅममध्ये साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात. डबाबंद ओल्या आहारात तीन चतुर्थांश पाणी असल्याने त्या शंभराच्या आसपासच भरतात. म्हणून दोन्हींचे वजन एकास एक धरता येत नाही. कोणत्याही नव्या आहारावर आठवडा-दहा दिवसांत हळूहळू न्यावे, नाहीतर पोट बिघडते.

घट्टपणा किती असावा याला स्वयंपाकघरातलीच कसोटी आहे. तयार अन्न वाटीत दाबून ती ताटलीत पालथी करावी. मुदीचा आकार क्षणभर टिकला, मग ती हळूहळू बसत गेली आणि कडेने पाणी सुटले नाही, तर जमले. मूद उभीच राहिली तर अन्न टाळूला चिकटते आणि दात नसलेल्या कुत्र्याला ते जिभेने सोडवता येत नाही. तो तोंड वासून मान झटकत राहतो. अन्न पळीवाढे झाले तर पुन्हा पेजेचाच प्रकार. काही कुत्र्यांना चाटण्यापेक्षा लिंबाएवढे मऊ मुटके गिळणे सोपे जाते. काळ्या त्यांपैकी आहे. पुढचे दात नसल्यामुळे त्याला सपाट फरशीवरचे उचलता येत नाही, आणि खोल वाडग्यात अन्न कडेला सरकते व तो त्याच्यामागे नाक खुपसत फिरतो. बोटभर काठाची पसरट ताटली आणि तिच्याखाली ओले पोते एवढ्यावर हा प्रश्न मिटला.

मान वाकवताना दुखत असेल तर ताटली पाटावर ठेवावी. मात्र मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये उंचावर ठेवलेले भांडे आणि पोट फुगून पीळ पडण्याचा जीवघेणा विकार यांचा संबंध एका अभ्यासात आढळला होता. शेजारच्या मुधोळचा कारवान कुत्रा, ज्याचे चित्र २००५ साली टपाल तिकिटावरही आले, तसाच खोल छातीचा असतो. तो पाळणाऱ्यांनी ताटली उंच करण्यापूर्वी पशुवैद्याला विचारावे. कारवानाच्या शेवटच्या दोन-तीन फासळ्या तब्येत उत्तम असतानाही दिसतात, हेही ध्यानात ठेवावे. गावठी कुत्र्याच्या फासळ्या दिसू नयेत, पण तळहात हलका फिरवल्यावर लागाव्यात.

दिवसाचे दोन जेवणांऐवजी तीन-चार भाग करावेत. अन्न कोमट असावे, अंगाच्या उष्णतेइतके. म्हाताऱ्या कुत्र्याचे नाक मंदावलेले असते आणि उबेने वास वर येतो. भिजवलेले अन्न चैत्र-वैशाखात दोन तासांपलीकडे उघड्यावर ठेवू नये. खानापूरच्या पावसाळ्यात हवा गार असली तरी दमट हवेमुळे आणि माश्यांमुळे फार वेगळे घडत नाही.

काय देऊ नये, यात आपल्या घरांतील एक फसवी गोष्ट आहे ती ‘अळणी’ रश्श्याची. नावावरून लोकांना वाटते की त्यात काही नाही, म्हणून तिखट घालण्यापूर्वीचा तो रस्सा प्रेमाने कुत्र्याच्या भातावर ओततात. बहुतेक घरी त्या अळणीत मीठ, कांदा आणि लसूण पडलेले असतातच. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात; शिजवल्याने हा दोष जात नाही आणि थोडेथोडे रोज दिल्यानेही तो घडतो. कुत्र्यासाठीचे मांस वेगळ्या पातेल्यात, नुसत्या पाण्यात शिजवावे. द्राक्षे आणि मनुका मूत्रपिंडांना घातक आहेत, त्यामुळे मनुका घातलेला सुकामेव्याचा कोणताही पदार्थ, मग तो करदंट असो वा लाडू, वर्ज्य समजावा. कुंदा ही बेळगावकडची दुधाची मिठाई विषारी नाही, पण साखर आणि स्निग्धांश यांचा तो गोळाच आहे. सणावारी तळलेल्या पुऱ्या किंवा मटणाची चरबी एकदम पोटात गेली, तर स्वादुपिंडाला सूज येऊन कुत्रा उलट्यांनी बेजार होतो.

हाडांबाबत तडजोड नको. शिजवलेले हाड फुटून त्याचे टोकदार चिरे होतात हे सर्वांना माहीत असते. पण दात नसलेला कुत्रा हाड चावतच नाही, तो ते अख्खे गिळण्याचा प्रयत्न करतो आणि ते अन्ननलिकेत किंवा आतड्यात अडकते. म्हाताऱ्याला विरंगुळा म्हणून कसायाकडून नळी आणून देणारे माझे एक चुलते आहेत. त्यांना मी हे तीनदा सांगितले आहे.

खात नाही म्हणून पिचकारीने तोंडात पातळ अन्न ढकलणे हा तितकाच धोक्याचा प्रकार आहे. मान वर करून घशात ओतलेले अन्न श्वासनलिकेत जाते आणि फुप्फुसाचा दाह होतो. जेवताना खोकला किंवा ठसका येत असेल, किंवा गिळलेले अन्न थोड्या वेळाने जसेच्या तसे बाहेर येत असेल, तर दोष तोंडात नसून घशात वा अन्ननलिकेत असू शकतो आणि अन्नाचा घट्टपणा त्यानुसार ठरवावा लागतो. चोवीस तास अन्नाला तोंड न लावणे, पाणीही न पिणे, किंवा नेहमीच्या वजनाचा दहावा हिस्सा कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर घरगुती प्रयोग थांबवून दवाखाना गाठावा. दात गेले तरी तोंडाची निगा संपत नाही. जेवणानंतर ओल्या मऊ फडक्याने हिरड्या पुसाव्यात आणि सुळे नसल्याने जीभ बाहेर लोंबत असेल, तर तिचे टोक कोरडे पडून चिरत नाही ना, हे पाहावे.

वजन दर पंधरा दिवसांनी करावे, कारण रोज पाहणाऱ्या डोळ्यांना झीज कळत नाही. काळ्याला मी अजूनही त्याच भुसार दुकानात नेतो. आधी मी काट्यावर एकटा उभा राहतो, मग त्याला उचलून घेऊन उभा राहतो आणि वजाबाकी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या त्या तारखेच्या चौकटीत लिहितो. साडेपंधरावरून सतरापर्यंत यायला त्याला चार महिने लागले. गेल्या खेपेस आकडा अठरा किलो तीनशे ग्रॅम आला, तेव्हापासून रात्रीच्या भातातला एक मुटका कमी केला आहे, आणि रोज रात्री ताटली चाटून झाल्यावर तो माझ्या हाताकडे पाहत बसतो.